शेजारच्या घरात वाजणारं नाक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या संशोधन केंद्राचे संचालक न्ताते सेलोमो, आमच्या हा-लेसिया गावचे प्रमुख मोरेना खोआबाने, व्यासपीठावरचे परगावचे आणि परदेशचे पाहुणे, केंद्रातले शास्त्रज्ञ, कर्मचारी आणि विद्यार्थी, डोंगरावरून भल्या पहाटे निघून इथं राजधानीत मसेरूला वेळेवर पोचलेली आमची गावकरी मंडळी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या म्मे डॉक्टर पुसेलेत्सो मोखेथी. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव लिपुओ न्थाकाना. परदेशच्या पाहुण्यांसाठी सांगते, न्ताते म्हणजे बाबा, म्मे म्हणजे आई आणि मोरेना म्हणजे गावाचा प्रमुख, आमच्याकडं मान देऊन अशीच हाक मारतात. हा-लेसियाच्या सरकारी दवाखान्यात मी परिचारिका होते. आता घरी असते. माझ्या आधी इथं मोठमोठी भाषणं झाली. नॅनो म्हणजे काय, तंतू किती बारीक, संदेश किती लांब जातो, हे सगळं पडद्यावर चित्रं दाखवून सांगून झालं. मला त्यातलं निम्मं कळलं, आणि तेही जुन्या ओळखीमुळं. अध्यक्षांनी मला सांगितलंय की थोडक्यात बोला. थोडक्यात म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलेलं नाही. त्याचा मी थोडा फायदा घेणार आहे.

आमच्याकडचा जून-जुलैचा हिवाळा इथं कुणाला सांगायला नको. शेगडी बाहेर पेटवायची, धूर संपेपर्यंत वाऱ्यावर ठेवायची, निखारे लाल झाले की उचलून आत आणायची आणि दार लावून घ्यायचं. धूर गेला की धोका गेला, असं आमच्या आयांनी आम्हांला शिकवलं आणि आम्ही आमच्या लेकींना. धूर जातो, पण कार्बन मोनॉक्साइड राहतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. दवाखान्यात अशी माणसं यायची तेव्हा कधी कधी त्यांच्या तोंडावर चांगली लाली असायची. नातेवाईक मला म्हणायचे, "सिस्टर, रंग बघा की किती छान आहे. झोपलाय नुसता. उठवा त्याला." मी कुणाकुणाला काय सांगणार?

म्मे पुसेलेत्सोंची आणि माझी पहिली भेट अशाच एका दफनाला झाली. गेलेली बाई त्यांची शाळेतली मैत्रीण. त्या वेळी त्या खाणींसाठी वायू ओळखणारे तंतू बनवत होत्या, गावातल्या घरांशी त्यांचा काही संबंध नव्हता. दफनानंतर आम्ही पंगतीला शेजारी बसलो. मक्याची घट्ट उकड आणि मटण ताटात वाढलेलं होतं. त्यांनी विचारलं, "सिस्टर, त्या घरात बाहेरच्या देशातून आलेलं यंत्र होतं ना? वायू झाला की वाजणारं?"

"होतं," मी म्हटलं.

"मग?"

"त्यातल्या बॅटऱ्या रेडिओत होत्या. शनिवारी फुटबॉलचा सामना होता."

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. ताटातलं मटण तसंच राहिलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "मग बॅटरी नकोच." मला वाटलं, शिकलेल्या बाईनं हळहळून काढलेला उद्गार असेल. पुढच्या वर्षी त्या एक डबी आणि एक लोखंडी गज घेऊन माझ्या दवाखान्याच्या दारात उभ्या राहिल्या.

तो गज भिंतीतून आरपार घालायचा. आतलं टोक शेगडीच्या उबेत, बाहेरचं टोक बर्फात. दोन टोकांतल्या फरकावर चिमूटभर वीज तयार होते. म्हणजे थंडी जितकी जास्त आणि शेगडी जितकी फुललेली, तितकी डबी जास्त जागी. त्या विजेत रेडिओ चालत नाही, हे आमच्या गावातल्या पोरांनी तपासून पाहिलंच. जुन्या यंत्रांना वायू ओळखण्याआधी तापावं लागायचं, आणि तापायलाच सगळी वीज जायची. म्मेंचे तंतू इतके बारीक की त्यांना तापावं लागत नाही. एवढं मला समजलं. पुढचं ज्यांना हवं असेल त्यांनी चहाच्या वेळी त्यांनाच विचारावं. मात्र चहा थंड होईल.

गावानं त्या डबीला नाव ठेवलं नाक. "आमच्याकडं नाक कधी बसवणार?" असं बायका विचारायच्या. आणि पहिल्याच हिवाळ्यात त्या नाकाची एक सवय सगळ्या गावाला कळली. त्याला दारूचा वास चालत नव्हता. कुणाच्या घरात जोआला आंबायला ठेवली की ती तयार होण्याच्या सुमाराला नाक वाजायचं. मग आजूबाजूचे लोक धावत यायचे. जीव वाचवायला नव्हे, हातात पेला घेऊन. म्मे मापोलोको आमच्या गावातली सगळ्यांत चांगली जोआला बनवणारी. त्या वैतागून म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या नाकानं माझा धंदा बुडवला. पहिला पेला चव बघायला फुकट द्यायचा असतो. आता सगळं गावच चव बघायला येतंय."

अध्यक्षमहाराजांना कदाचित आठवत असेल, त्या सुमाराला या केंद्राच्या प्रयोगशाळेत जोआलाची मडकी येऊ लागली होती. त्यांनी विचारलं होतं म्हणतात, की हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा. ती संशोधनाचीच मडकी होती, न्ताते. निदान येताना तरी. म्मे पुसेलेत्सो दोन हिवाळे त्या एकाच प्रश्नामागं होत्या. दारूची वाफ कोणती आणि मारणारा वायू कोणता, हे त्या तंतूंना शिकवत बसल्या होत्या.

आता वाजायचं कुठं, हा दुसरा प्रश्न. पैसे देणाऱ्या पाहुण्यांची इच्छा होती की संदेश मसेरूला यावा, पडद्यावर लाल ठिपका दिसावा. म्मे पुसेलेत्सो म्हणाल्या, "मसेरूहून माणूस निघेल, डोंगर चढेल, आणि पोचेल तो पुरायला." ज्याच्या घरात वायू झालाय त्याला उठायची शुद्ध नसते. म्हणून घरात बारीक वाजायचं आणि शेजारच्या घरात मोठ्यानं. एवढ्याशा विजेवर संदेश जाऊन जाऊन जाणार किती लांब? दगड फेकला तर पडेल तेवढ्या अंतरावर. म्हणजे अगदी लगतचं घर.

आणि इथं अडचण आली. म्मे मापोलोकोंच्या लगतचं घर न्ताते लेबुसांचं. मध्ये फक्त कोरफडीचं कुंपण. त्या दोघांचं बोलणं बंद होतं. त्याचं कारण सांगते, कारण दोघंही सभागृहात बसलेत आणि मी चुकले तर मला लगेच कळेल. न्ताते लेबुसांच्या शर्यतीच्या घोड्यानं म्मेंचे वाटाणे तुडवले. म्मेंनी कात्री घेतली आणि घोड्याची शेपटी बुडाशी कापली. तशा घोड्यावर बसून न्ताते गावसभेला आले तेव्हा जे हसू झालं, ते न्ताते आजवर विसरलेले नाहीत. बरोबर सांगितलं ना? न्ताते मान हलवतायत. म्मे म्हणतायत वाटाणे दोन वाफे होते. ठीक आहे, दोन वाफे.

तर म्मे पुसेलेत्सो न्ताते लेबुसांकडं गेल्या. मीही बरोबर होते.

न्ताते म्हणाले, "त्या बाईचं नाक माझ्या घरात? आधीच ती सगळ्या गावात नाक खुपसते."

"तिचं नाक तुमच्याकडं वाजेल, न्ताते, आणि तुमचं तिच्याकडं."

"म्हणजे मी मरायला लागलो की पहिली खबर तिला? नाचेल ती."

"नाचत का होईना, दार उघडायला येईल ना?"

न्तातेंनी दातातला पाइप काढला. मग म्हणाले, "लावा. पण घरात नको. तबेल्याच्या बाजूला लावा, मला दिसता कामा नये." तसं ते लागलं.

आता जे सांगायचं आहे ते इथल्या पुष्कळांनी अहवालात वाचलं असेल. मी ते पाहिलं, म्हणून माझ्या तोंडून ऐका.

ते जुलैतलं बर्फ होतं. म्मे पुसेलेत्सो नवीन तंतू घातलेल्या डब्या लावायला आमच्याकडं आल्या होत्या. दारूला न फसणाऱ्या. काम झालं आणि घाट बंद झाला. त्या म्मे मापोलोकोंकडं राहिल्या. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर दोघी शेगडी आत घेऊन बसल्या. बाहेर वारं असं होतं की दाराच्या फटीत म्मे मापोलोकोंनी घोंगड्या कोंबल्या होत्या. कोपऱ्यात जोआलाचं मडकं. थोड्या वेळानं भिंतीवरची डबी वाजायला लागली.

त्या घरात तेव्हा या देशात त्या वायूबद्दल सगळ्यांत जास्त जाणणारी बाई बसलेली होती. तिनं काय केलं असेल? तिनं मडक्याकडं पाहिलं आणि तिला वाईट वाटलं. दोन हिवाळ्यांची मेहनत फुकट गेली, डबी अजून दारूलाच वाजतेय, असं तिच्या मनात आलं. म्मे मापोलोको म्हणाल्या, "डॉक्टर, डोकं दुखतंय हो." त्या म्हणाल्या, "माझंही दुखतंय, हवाच तशी आहे." मग त्या डबी उघडून बघायला उठल्या. हातात पेचकस होता. तो खाली पडला. उचलायला वाकल्या आणि तिथंच बसल्या. पुढचं त्यांना आठवत नाही.

नंतर दवाखान्यात त्या मला म्हणाल्या, "लिपुओ, यंत्र खरं बोलत होतं आणि मी त्यालाच खोटं ठरवत होते. माझ्या डोक्यात वायू गेलाय हे ज्या डोक्यानं ओळखायचं, तेच बिघडलेलं. पण मला ते अगदी ठणठणीत वाटत होतं."

कुंपणापलीकडं, तबेल्याच्या भिंतीवर, नाक मोठ्यानं वाजत होतं. न्ताते लेबुसा आले आणि त्यांनी दार ढकललं. घोंगड्यांमुळं ते उघडेना, म्हणून खांदा लावून फोडलं. म्मे मापोलोकोंना काखेत धरून बर्फात ओढून काढलं, मग डॉक्टरांना. त्यांच्या हाका ऐकून माणसं जमली. दोघींना घोंगडीत घालून माझ्याकडं आणलं.

माझ्याकडं प्राणवायूचं नळकांडं एकच होतं. मी परिचारिका आहे, मला विचार करत बसायची सवय नाही. म्मे मापोलोकोंना हाक मारली तर उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी ओकारी काढली आणि मला माझ्या नावानं हाक मारली. मी मुखवटा म्मे मापोलोकोंच्या तोंडावर बसवला आणि डॉक्टरांना उघड्या खिडकीशी बसवून दोन घोंगड्यांत गुंडाळलं. मग आलटून पालटून. संध्याकाळी म्मे मापोलोकोंनी डोळे उघडले आणि विचारलं, "माझं दार कुणी फोडलं?" मी म्हटलं, "लेबुसांनी." त्यांनी डोळे परत मिटून घेतले.

डॉक्टर बऱ्या झाल्या, त्या तुमच्यासमोर आहेत. म्मे मापोलोकोही बऱ्या झाल्या, पण त्यांचा डावा हात तेव्हापासून थरथरतो. त्या लोकर विणायच्या. आता विणत नाहीत.

बर्फ वितळल्यावर मोरेनांनी गावसभा बोलावली. न्ताते लेबुसांचा सत्कार करायचा होता, नवी घोंगडी द्यायची होती. मोरेनांनी छान भाषण केलं. घोंगडी खांद्यावर घालायला ते पुढं झाले तेव्हा न्तातेंनी हात आडवा केला.

ते म्हणाले, "आधी माझं ऐका. नाक वाजलं तेव्हा मी नुकताच पाइप भरला होता. मला ऐकू आलं. कुणाच्या घरचं आहे तेही कळलं. मी म्हटलं, वाजू दे. मी तो पाइप पेटवला, ओढला आणि झाडून ठेवला. मगच उठलो. त्या बाईचा हात का हलतो ते मला माहीत आहे. आता घोंगडी कुणाला द्यायची ते ठरवा."

मोरेना घोंगडी हातात घेऊन तसेच उभे. कुणी कुणाकडं बघेना. शेवटी बायकांच्या बाजूनं म्मे मापोलोको बसल्या जागेवरून बोलल्या.

"तुझं नाक माझ्याकडं वाजलं असतं तर मी दोन ओढले असते."

लोक हसले. आधी दबकत, मग मोकळे. मोरेनांनी तेवढ्यात घोंगडी न्तातेंच्या खांद्यावर टाकली. मी म्मे मापोलोकोंच्या शेजारी बसले होते. त्या हसत नव्हत्या. घोंगडीच्या आत उजव्या हातानं डावा घट्ट धरून बसल्या होत्या.

त्यानंतर म्मे पुसेलेत्सो उठल्या. मला वाटलं, त्या आभार मानतील. त्यांनी आपली चूक सांगितली. यंत्र वाजत असताना त्या ते खोटं ठरवून उघडायला निघाल्या होत्या, हे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग म्हणाल्या, "न्ताते लेबुसा उठले म्हणून मी आहे. पण माणूस रागावणार, पाइप ओढणार, कधी घरी नसणार. मी सगळा भार एका माणसावर टाकला, ते चुकलं. आता नाक तीन घरांत वाजेल. तिघं एकाच वेळी रुसलेले असले, तर मग ते गावाचं नशीब."

त्या एका वाक्यासाठी त्यांना पुढं किती काम पडलं, हे त्यांच्या सहकाऱ्यांना ठाऊक आहे. तीन घरांपर्यंत आवाज न्यायचा, आणि वीज तेवढीच, गजात जन्मलेली. डबीनं डबीला निरोप द्यायचा आणि त्या डबीनं पुढच्या डबीला, असं त्यांनी बसवलं. अहवाल लिहिताना पाहुण्यांपैकी एकानं सुचवलं होतं म्हणे, की पाइपचा भाग वगळावा, वाचायला बरं दिसत नाही. म्मेंनी तो ठेवला. त्याच्या खाली स्वतःच्या पेचकसाचाही ठेवला.

आता तुम्ही विचाराल, ते दोघं बोलतात का? नाही बोलत. आज एकाच गाडीतून आले, घाट उतरेपर्यंत एक शब्द नाही. पण एक गोष्ट मी माझ्या अंगणातून बघते. नव्या डबीवर चाचणीचं एक बटण आहे. ते दाबलं की दाबण्याच्या जोरावरच वीज होते आणि शेजारी एकदा टिक वाजतं. वर्षातून एकदा दाबून बघा, असं म्मेंनी सगळ्यांना सांगितलंय. न्ताते लेबुसा रोज शेगडी आत घेण्याआधी दाबतात. आता डबी तबेल्यावर नाही, त्यांच्या पलंगाशेजारी आहे. थोड्या वेळानं पलीकडून त्यांच्याकडं टिक येतं. मग ते शेगडी आत घेतात. एकदा ते टिक आलं नाही तर डोक्यावर टोपीही न घालता कुंपण ओलांडून गेले. म्मे मापोलोको बहिणीकडं गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी न्तातेंनी मला निरोप द्यायला लावला, "त्या बाईला सांग, जाताना सांगून जात जा." मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला सांग, बघते."

निरोपाच्या दिवशी गोड बोलावं असा रिवाज आहे. तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. हा-लेसियात ही नाकं लागल्यापासून शेगडीनं गेलेलं माणूस मी पाहिलं नाही. पण नदीपलीकडं हा-मोसालात या जूनमध्ये दोन बहिणी गेल्या. धाकटी शाळेत जाणारी होती. त्या गावात नाक नाही, कारण पहिल्या टप्प्यात नदीपर्यंतचीच गावं होती आणि दुसऱ्या टप्प्याचा निर्णय व्हायचा आहे. मी त्या दफनाला गेले होते. म्मे पुसेलेत्सोही आल्या होत्या. या वेळीही आम्ही शेजारी बसलो होतो. मी म्हटलं, "आता तुम्ही निवृत्त होणार." त्या म्हणाल्या, "पगार निवृत्त होणार."

न्ताते सेलोमो, मी तुम्हांला मान देऊन विचारते. डब्या तयार आहेत, गज तयार आहेत, ते आत्ता या सभागृहाच्या मागच्या खोलीत पेट्यांत आहेत. म्मेंनीच मला दाखवले. पुढचा हिवाळा निर्णयासाठी थांबणार नाही. आज त्यांना तुम्ही जी घोंगडी देणार आहात ती सुंदर आहे, मघाशी मी हात लावून पाहिली. पण पेट्या नेण्यासाठी एक गाडी द्याल तर ती त्यांना जास्त ऊब देईल. आमच्या मोरेनांनी घोडे द्यायचं कबूल केलंय. नदीनंतर रस्ता नाही, तिथून पुढं घोडेच लागतील. न्ताते लेबुसांनी आपला घोडा देऊ केलाय. त्याची शेपटी आता पूर्ण वाढली आहे.

म्मे पुसेलेत्सो, गावाच्या वतीनं मी तुमचे आभार मानते. आम्ही तुम्हांला अनेकदा हैराण केलं, फुकटची जोआला पाजली, आणि तुम्ही वायूच्या डॉक्टर आहात हे कळूनही गाईचे दात दाखवायला आणले. ते सगळं पोटात घाला. या केंद्रानं मला, एका दवाखान्यातल्या बाईला, या व्यासपीठावर उभं केलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात कुणाच्या मानपानात कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर क्षमा करा. आणि एखादं वाक्य टोचलं असेल, तर ते मनावर घेऊ नका. आयुष्यभर मी पगार घेऊन लोकांना टोचतच आले, आणि बहुतेकांना त्यानं बरंच वाटलं.

देशात शांतता नांदो, पाऊस वेळेवर येवो, सगळ्यांची पोटं भरलेली असोत. आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे.